पाणी न दिलेला पाव्हणा

७ एप्रिल, सोमवार. दुपारी, भांडी झाल्यावर.

आजपासून माझी रोजनिशी. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलणार आणि नर्मदा लिहिणार. नर्मदा म्हणजे माझी चुलत जाऊ, भिंतीला भिंत लागून घर. तीस वर्षं अंगणवाडीत बाई होती, त्यामुळे अर्धी कोरी राहिलेली रजिस्टरं तिच्याकडे लय आहेत. मी बोलते तसंच लिही म्हटलं तरी ती माझ्या बोलण्याला पावडर-टिकली करून लिहिते. करू दे. यातलं एक अक्षर बाहेर जाणार न्हाई अशी गंगेची आण तिच्याकडून घेतली आहे. तिनं ती दुपारच्या चहाच्या अटीवर घेतली.

कारण असं की आमची शिवकन्या परदेशी चालली. परमेश्वरची, म्हणजे माझ्या लेकाची, एकुलती एक पोर. नांदेडला हॉटेल मॅनेजमेंट शिकली. मस्कतला समुद्राकाठी एक लय मोठं हॉटेल आहे. तिथं काउंटरमागं कोट घालून उभं राहायचं आणि आलेल्या पाव्हण्याला हसून या म्हणायचं, अशी नोकरी. एक जूनला हजर व्हायचं. पासपोर्टचा अर्ज टाकून झाला.

गल्लीतल्या बाया विचारायल्यात, पोरगी एवढ्या लांब चालली, तुमाला कसं वाटायलंय? मला काय वाटायचं? मी काही पदर तोंडाला लावणारी म्हातारी न्हाई.

निश्चय: एक, रडायचं नाही. दोन, तिच्या कामात हातभार लावायचा. तीन, रोज एक इंग्रजी शब्द. आजचा शब्द, वेलकम.

नर्मदा म्हणते, तो तर तुमच्या पायपुसण्यावर आहे, चार वर्षं झाली तुमी त्याच्यावर पाय पुसायल्यात. असू दे. आता माहीत झाला.

९ एप्रिल.

शिवकन्या आरशासमोर हसत बसते. ओठ किती उघडायचे, दात किती दाखवायचे, याचं शिक्षण झालेलं आहे. मी विचारलं, याला तीन वर्षं लागली? ती म्हणाली, आज्जी, लक्झरी म्हणजे पाव्हण्यानं मागायच्या आधी त्याच्यासमोर वस्तू हजर पाहिजे.

मी म्हटलं, मग मला कॉलेजात बोलवायचं होतं, फुकट शिकवलं असतं. आपल्या दारात आलेल्याला आधी पाणी, मग गाव, मग नाव. दुष्मन असला तरी तांब्या आधी, भांडण मागून. माणूस पाण्याविना परत गेला तर घराची बरकत त्याच्या मागं जाते. माझ्या सासूनं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलेलं आहे.

शिवकन्या म्हणाली, आज्जी, तू तर फाइव्ह स्टार आहेस. मी विचारलं, जास्तीत जास्त किती असतात? म्हणाली, पाचच. मग बरोबर आहे.

११ एप्रिल.

बन्सीधर आला. हा माझ्या सुनेचा, विजयमालेचा, मावसभाऊ. स्वतःचं एक लग्न धड टिकलं न्हाई, लोकांची जमवत फिरतो. शिवकन्येसाठी मानवतचं स्थळ आणलं. कापसाचे व्यापारी. मुलाकडच्यांची रीत अशी की आधी एक माणूस गुपचूप गावात पाठवतात. पोरगी राहते कुठं, वळण कसं, काही भानगड आहे का, सगळं विचारून घेतात, पसंत पडलं तर मग उजागरीनं येतात.

विजयमालेच्या डोळ्यांत लगेच मांडव दिसायला लागला. मी बन्सीधरला चार धपाटे खाऊ घातले, वर दही वाढलं आणि मनात म्हटलं, येऊ दे तुझा गुपचूप माणूस. पोरीचं करिअर आहे. (आजचा शब्द.)

१७ एप्रिल, गुरुवार.

फत्ते झाली. नर्मदा, मोठ्या अक्षरात लिही.

मी अंगणात कुरडया घालत होते. बाकी सगळे रानात, शिवकन्या परभणीला. भर बाराच्या उन्हात एक माणूस मोटरसायकलवर आला. चौकड्याचा शर्ट, खाकी पँट, तपकिरी बूट, हातात कागद. विचारायला लागला, शिवकन्या इथंच राहते का? किती वर्षांपासून? वागणं कसं आहे? काही भानगड? मला एका क्षणात उमगलं. मानवतचा गुपचूप.

मग मी जबान सोडली. म्हटलं, ती इथं राहतच न्हाई. कधी येती, कधी जाती, आम्हाला पत्ता नसतो. वागणं म्हणाल तर विचारू नका, मागच्या वर्षी चालत्या एसटीत एकाला चपलेनं हाणलं, ठाण्यात जायची पाळी आली होती. (यात खोटं काही नाही. त्या मेल्यानं छेड काढली होती आणि चप्पल खाल्ली. एरवी मी हीच गोष्ट तारीफ करून सांगते. आज फक्त आवाज वेगळा लावला.)

त्यानं विचारलं, आजी, लिहून घेऊ का? मी म्हटलं, खुशाल घ्या. कागद पुढं केला, तर कुरडईच्या चिकाचा अंगठा तसाच उठवून दिला.

पाणी दिलं नाही. मुद्दाम. तो दोनदा माठाकडं बघत होता. पण पाणी दिलं की माणूस बसतो, आणि बसला की पुन्हा येतो. बरकतीचं मी बघून घेईन.

नर्मदा विचारायली, नाव काय त्याचं? विचारलं न्हाई. गाव? तेही न्हाई.

१८ एप्रिल.

झोप आली नाही. उकाडा फार.

खाकी पँट हल्ली कुणीही घालतं. तपकिरी बूटसुद्धा. नर्मदा म्हणते, सोयरिकीच्या चौकशीला आलेला माणूस अंगठा घेत असतो का बाई? मी म्हटलं, मानवतची माणसं व्यापारी. लिहून घेतल्याबिगर कापसाचं बोंडसुद्धा उचलत न्हाईत.

नर्मदेला शंका काढायची खोडच आहे. अंगणवाडीत पोरांच्या वजनावरही शंका काढायची.

२३ एप्रिल.

बन्सीधरचा फोन. मानवतवाल्यांनी दुसरीकडं जमवलं. आपल्याकडं त्यांनी माणूस पाठवलाच नव्हता.

मग दुसऱ्या कुठल्या स्थळाचा असेल. पोरी कमी झाल्यात, चौकशीला तोटा नाही.

आज शब्द घेतला नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षयतृतीया.

सकाळी पितरांसाठी मातीच्या घागरीत वाळा घालून पाणी भरलं, वर आंबा ठेवला. पुरणाचा निवद दाखवला. सगळं रीतीप्रमाणं.

दुपारी शिवकन्येनं मोबाइल बघितला आणि तिचं तोंड पांढरं पडलं. पासपोर्ट अडकला. पोलिसांचा रिपोर्ट वाईट गेला. कारण, मुलगी दिलेल्या पत्त्यावर राहत नाही.

परमेश्वर म्हणाला, पण ठाण्याचा माणूस आलाच कधी? शिवकन्या म्हणाली, सतरा तारखेला येऊन गेला असं दिसायलंय. मी सगळ्यांना सांगितलं होतं ना, चौकशीला माणूस येईल म्हणून? सांगितलं असेल. ती सांगायली तेव्हा मी आमटीचं येसर भाजत होते, खमंग वासात माणसाला काय ऐकू येतं?

मग ती माझ्याकडं वळली. म्हणाली, आज्जी, सतराला तू घरी होतीस. कोण आलं होतं?

मी म्हटलं, कुरडयांवर कावळे आले होते.

हे खोटं न्हाई. आले होते.

ज्यांना तहान उरली न्हाई त्यांच्यासाठी वाळ्याचं पाणी, आणि जो तहानलेला दारात उभा होता त्याला... नर्मदा, पुढं लिहू नको.

निश्चय: उद्या सकाळी पहिलं काम, सांगून टाकायचं.

१ मे.

परमेश्वर पहाटेच गंगाखेडला गेला. बाप घरी नसताना पोरीला सांगणं बरं दिसत नाही.

२ मे.

परमेश्वर घरी होता. विजयमालेचं डोकं दुखत होतं.

३ मे, शनिवार.

आज फार वाईट झालं.

परमेश्वरनं काढलं की पोलीस शेजाऱ्यालाच विचारतात, म्हणजे वाईट सांगणारा शेजारीच. शेजारी म्हणजे दत्तराव भाऊजी, नर्मदेचा नवरा. दोन वर्षं झाली, बांधावरून त्यांची अन् परमेश्वरची बोलाचाली बंद आहे. परमेश्वर भिंतीपाशी उभा राहून गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, काका, दोन हात बांधासाठी माझ्या पोरीच्या नशिबात माती कालवली तुमी!

दत्तराव भाऊजी जेवायला बसले होते. भरल्या ताटावरून उठले. दारात येऊन एवढंच बोलले की परमेश्वरा, बांध बांधाच्या जागी, पोर पोरीच्या जागी, ती माझ्या अंगाखांद्यावर खेळली. आणि दार लावून घेतलं.

मी ओसरीवर होते. शेळीला पाला घालत होते. शेळीचं पोट भरलेलं होतं, तरी घालत होते.

नर्मदा मागच्या दारानं आली, गुमान इथपर्यंत लिहिलं आणि पेन ठेवलं. म्हणाली, बाई, माझ्या मालकाच्या तोंडचा घास गेला. तुमी सांगता का मी सांगू? मी तिला आणेची आठवण दिली. ती म्हणाली, गंगेला मी समजावून सांगन, ती तुमच्यापेक्षा समजूतदार हाय.

उद्या. नक्की. माझ्या सासूची शपथ.

१६ मे.

नर्मदा तेरा दिवसांनी आली. मधले दिवस आठवून सांगते.

चारदा सांगायला गेले. पहिल्यांदा शिवकन्या मस्कतच्या मॅडमशी फोनवर इंग्रजी बोलत होती. दुसऱ्यांदा परमेश्वर जेवत होता, आणि जेवत्या माणसाला वाईट बातमी देऊ नये. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर ठसका लागला. विजयमाला पाणी घेऊन धावत आली. पाण्याचा तांब्या बघितला आणि गप झाले. चौथ्यांदा गेले ते आठवतं, का परतले ते आठवत नाही. वय झालं.

शिवकन्या परभणीला जाऊन खुलासा देऊन आली. पुन्हा चौकशी होईल म्हणे, कधी ते सांगता येत नाही. मस्कतवाले म्हणतात, जूनच्या पुढं थांबणं कठीण. ती आता आरशासमोर हसत नाही.

दरवर्षी दत्तराव भाऊजींच्या झाडाचे पहिले पाड आमच्याकडं येतात. यंदा आले नाहीत. आंबे काय, बाजारातही मिळतात. आणलेसुद्धा. पाणचट.

नर्मदेनं अट घातली. उद्या सोनपेठला ठाण्यात जायचं, तरच पुढं लिहीन. मी म्हटलं, आमच्या घरात कुणी ठाण्याची पायरी चढलं न्हाई. ती म्हणाली, म्हणूनच तुमाला तिथले बूट वळखू येत न्हाईत.

१७ मे, शनिवार.

एसटीनं सोनपेठ. नर्मदा बरोबर. बेत असा की साहेबासमोर हात जोडायचे, म्हातारी आहे, डोकं चालत नाही, चुकून बोलून गेले म्हणायचं आणि कागद फाडून घ्यायचा. साधं काम.

तेच जमादार निघाले. तपकिरी बूट. मला बघताच उठले, खुर्ची पुढं सरकवली आणि चहाच्या पोराला न सांगता स्वतः माठातून पाणी आणून दिलं. गार होतं. नर्मदा बघत होती म्हणून गिळलं.

कागद फाडता येत नाही. तो वर गेला. आता नवा हुकूम येईल तेव्हा नवी चौकशी. जमादार काही चिडले नाहीत. उलट हसून म्हणाले, आजी, माझी तरी काय चूक? आल्या आल्या सांगितलं, ठाण्यातून आलोय, पासपोर्टची चौकशी हाय. अंगठा घेताना पुन्हा सांगितलं. तुमी म्हणालात, मी बहिरी न्हाई, ऐकू येतं मला.

नर्मदेनं माझ्याकडं बघितलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. तिकीट मात्र माझंही काढलं.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, लिही. ती म्हणाली, काय लिहू? मी म्हटलं, हे लिही. पहिल्यांदा तो बोलला तेव्हा मला खरंच ऐकू आलं नव्हतं, डोक्यात मानवत होतं. दुसऱ्यांदा ऐकलं. पासपोर्ट हा शब्द घरात महिनाभर चाललाय, मला कसा कळणार नाही? ऐकला. त्या वेळी अंगठा हवेतच होता. मागं घेता आला असता.

आणि मी तो टेकवला.

नर्मदेनं विचारलं, खोडू का? न्हाई. राहू दे.

१८ मे.

परमेश्वरला सांगितलं. अंगठ्याआधी काय ऐकलं तेवढं सोडून सगळं सांगितलं. एकाच दिवशी म्हातारीनं किती सांगावं?

तो उठला आणि सरळ दत्तराव भाऊजींच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यांनी लगेच काही आत बोलावलं नाही. पण नर्मदेच्या हातून पाणी पाठवलं. पाणी झाल्यावर गाव विचारलं. एका भिंतीच्या अंतरावरच्या पुतण्याला म्हणाले, कोण्या गावचे पाव्हणे? परमेश्वरनं खाली मान घालून आपल्याच गावाचं नाव सांगितलं. मग दोघं हसले म्हणे. आंबे रात्रीच आले.

परमेश्वर मला म्हणाला, आई, शिवकन्येला आत्ता काही सांगू नको, आधीच ती बेजार हाय. मी पाहतो.

लेकाचा शब्द मोडवत नाही. जन्मात पहिल्यांदाच त्याचं ऐकलं.

१ जून, रविवार.

आज ती मस्कतला हजर व्हायची होती. आमच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. मी म्हटलं, राहू दे, हात दुखतील. ती म्हणाली, दुसरं काय काम हाय मला?

९ जून.

नव्या चौकशीची तयारी. पाच दिवस झाले, मी दारातून हलले नाही. कैरीचं पन्हं, शंकरपाळे, धपाटे, दही. शिवकन्येकडून दस्तीची पंख्यासारखी घडी शिकून घेतली, हॉटेलात ताटाजवळ ठेवतात तशी. भाषणही पाठ केलं: साहेब, ही पोर म्हणजे आमच्या घराचा दिवा, जन्मापासून याच उंबऱ्यात, हिच्यासारखं वळण तालुक्यात न्हाई. नर्मदेसमोर तीनदा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, दिवा काढा, बाकी बरं हाय.

आज सकाळी अकरा वाजता माणूस आला. तरणा होता, हातात मोठा मोबाइल. शिवकन्येचा फोटो काढला, आधारकार्ड बघितलं, शेजाऱ्याची सही मागितली. दत्तराव भाऊजी चष्मा लावून आले आणि सही केली. एवढी लांबलचक सही त्यांनी बांधाच्या अर्जावरसुद्धा केली नसेल.

मी पन्हं पुढं केलं. तो म्हणाला, आत्ताच घेऊन आलो, आजी. मी म्हटलं, धपाटे. म्हणाला, पोट भरलंय. मी भाषणाला उभी राहिले. साहेब, ही पोर, म्हटलं, तोवर मोटरसायकल वळली होती.

तीन मिनिटं. नर्मदेनं घड्याळ लावलं होतं.

पन्हं मी एकटीनं संपवलं. पित्त झालं.

८ जुलै, मंगळवार.

पासपोर्ट आला! पोस्टमनला आधी पाणी, मग साखर, मग चहा, मग पुन्हा पाणी. तो म्हणाला, आजी, मला अजून चार गावं हायत.

शिवकन्येचा त्यातला फोटो हसरा नाही. असा फोटो लागतो म्हणे. असेल.

संध्याकाळी मस्कतहून फोन. काउंटरची जागा भरली. आता फक्त खोल्यांमधली आहे, म्हणजे केर काढायचा, संडास धुवायचे, चादरी घालायच्या. यायचं तर या, तिथून वर चढता येतं. शिवकन्या इंग्रजीत हो म्हणाली. तेच शिकलेलं हसू तोंडावर ठेवून म्हणाली, फोनवर कुणाला दिसत नाही तरी. मग शेळ्यांची धार काढून येते म्हणून गोठ्यात गेली. बराच वेळ आली नाही.

शेळ्या महिनाभरापूर्वीच आटल्यात.

विजयमाला सरकारच्या नावानं बोटं मोडायली. मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

निश्चय: जायच्या आधी सांगणार. आता परमेश्वरनं नको म्हटलं तरी.

१९ जुलै.

तालीम केली. नर्मदा शिवकन्या झाली, मी मीच झाले. लय चांगलं झालं. नर्मदेच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, असंच बोला बाई, पोरगी पाया पडन.

तडक शिवकन्येकडं गेले. ती बॅग भरत होती. म्हणाली, काय गं आज्जी? मी म्हटलं, येसर किती बांधू?

दोन किलो ठरलं.

२ ऑगस्ट.

येसराच्या पुड्या झाल्या. शेवया, कुरडया बांधल्या. अंगठ्याच्या दिवशीच्या कुरडया वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या देववेनात. शेळीला घातल्या.

१४ ऑगस्ट, गुरुवार.

परभणीच्या स्टेशनावर सगळे. इथून गाडीनं हैदराबाद, तिथून विमान. बन्सीधरही आला होता. फलाटावरसुद्धा विजयमालेला एक स्थळ सांगत होता, मुलगा मस्कतलाच असतो म्हणे.

मी रात्रीच ठरवलं होतं, पाया पडायला वाकली की कानात सांगायचं. कमी शब्दांत: पोरी, तुझा पासपोर्ट मी अडवला. पाच शब्द. नर्मदेनं मोजून दिले होते.

ती वाकली. उठली. मी तोंड उघडायच्या आत तिनंच मला मिठी मारली आणि माझ्या कानात बोलली. म्हणाली, आज्जी, पप्पांनी सांगितलं मला. जन्मात ठाण्याची पायरी चढली न्हाईस, माझ्यासाठी चढलीस. तू गेली नसतीस तर पासपोर्ट आलाच नसता.

पाचही शब्द माझ्या तोंडात होते. तिथंच राहिले.

मी तिला म्हटलं, जेवत जा.

गाडी गेली. मी रडले नाही, पहिला निश्चय शेवटपर्यंत पाळला. फलाटावर धूळ फार, ती डोळ्यांत गेली. नर्मदा म्हणते, सकाळपासून पाऊस लागलेला, धूळ कुठली. तिला शंका काढायची खोडच आहे.

३० ऑगस्ट.

ती रोज फोन करते. नऊ मजले, तिच्या वाट्याला रोज चौदा खोल्या. चादर इतकी ताणायची की रुपया टाकला तर उडाला पाहिजे. म्हणाली, आज्जी, समुद्र रोज दिसतो, काच पुसताना.

काल विचारलं, काउंटरवर कोण असतं गं? म्हणाली, केरळची एक पोरगी. चांगली आहे. हसते छान.

मी म्हटलं, तुझ्यासारखं न्हाई हसत. ती म्हणाली, तू कुठं पाहिलीस तिला?

२६ सप्टेंबर, शुक्रवार. संध्याकाळी सहा.

आज सांगितलं.

सबब नाही, ठसका नाही, घरात कुणी नाही. सगळे देवीच्या आरतीला गेले. नर्मदेनं फोन धरला होता, कारण मला त्यात माणूस सरळ दिसत नाही, नेहमी कपाळच दिसतं. शिवकन्या नुकतीच कामावरून आली होती. अंगावर राखाडी झगा, केस जाळीत बांधलेले, पलंगावर आडवी. म्हणाली, बोल आज्जी, ऐकायलेय मी.

मग मी बोलले. मानवतच्या स्थळापासून सुरू केलं. खाकी पँट, चौकड्याचा शर्ट, चिकाचा अंगठा. पाणी दिलं नाही ते. दत्तराव भाऊजी ताटावरून उठले ते. आणि ते दुसऱ्यांदाचं. म्हटलं, पोरी, मी ऐकलं होतं. तो पासपोर्ट म्हणाला ते मला नीट ऐकू आलं. मला वाटलं, अंगठा टेकवला तर तू चार महिने तरी उशिरा जाशील. चार महिने कुरडया खाशील. तू काउंटरमागं कोट घालून उभी राहणार होतीस, आज लोकांच्या चादरी ताणायलीस, ते माझ्यामुळं. तुला सरकारनं न्हाई अडवलं, भावकीनं न्हाई अडवलं. मी अडवलं.

एक शब्द गाळला नाही. नर्मदा साक्षीला आहे.

मग थांबले. पलीकडून काही येईना. मला वाटलं, रागावली. रागावू दे, हक्क आहे तिचा. मला वाटलं, रडायली. मी नर्मदेला म्हटलं, बघ गं. नर्मदेनं फोन डोळ्यांजवळ नेला आणि हळूच म्हणाली, बाई, ही कवाचीच झोपली. तोंड उघडं हाय. एका पायात बूट तसाच हाय.

कुठवर ऐकलं असेल? नर्मदेचा अंदाज, मानवतपर्यंत.

मी जोरात हाक मारली, शिवकन्या! ती दचकून उठली. माझ्याकडं बघितलं आणि मी कोण ते तिला क्षणभर कळलंच नाही. झोपेतच ओढणी सावरल्यासारखा हात केला, ओठ उघडले, नेमके तेवढेच दात दाखवले आणि मला म्हणाली, सॉरी मॅम. व्हेरी सॉरी मॅम.

माफी मागायला मी बसले होते. मागितली तिनं.

मग तिला जाग आली. हसली, खरं हसली. म्हणाली, आज्जी, तू व्हय? काय सांगायलीस? अंगठा का काय?

नर्मदा माझ्याकडं बघत होती. आरती संपून गल्लीत माणसं परतायला लागली होती.

मी म्हटलं, काही न्हाई माय, झोप तू. शेळी व्याली, तेच सांगत होते. दोन पिल्लं.

ती म्हणाली, अरे वा. आणि फोन ठेवला.

नर्मदेनं विचारलं, हे पण लिहू का? लिही. शेळीला अजून दीड महिना आहे.